टोकन देण्याआधी एजंटला आयटीआर दाखवा

धंदा जरा रुळला की घरात एक विषय निघतोच: "अजून किती दिवस भाड्याने राहायचं?" मग एखाद्या रविवारी आपण एजंटच्या गाडीवर मागे बसून फ्लॅट बघायला निघतो. व्हिडिओत मी माझी चूक थोडक्यात सांगितली होती. बऱ्याच जणांनी हिशोब विचारला, म्हणून इथे जरा सविस्तर.

माझा तेव्हा भोसरीत पॅकिंग मटेरियलचा छोटा धंदा होता. एजंटने मोशीत एक रिसेल फ्लॅट दाखवला. हवा, उजेड, पार्किंग, सगळं मनासारखं. "दादा, उद्या दुसरी पार्टी येतेय बघायला," तो म्हणाला. झालं! त्याच संध्याकाळी मी एक लाख टोकन देऊन मोकळा. तेही दिवाळीच्या मालासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. लोनचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, करून देऊ."

बँकेने तीन वर्षांचे आयटीआर मागितले आणि तिथे माझीच हुशारी आडवी आली. टॅक्स नको म्हणून दरवर्षी नफा जेमतेम दाखवलेला. गल्ल्यात पैसा होता, कागदावर नव्हता. लागत होतं त्यापेक्षा दहा लाखांनी कमी लोन मंजूर झालं. मालक म्हणाले, "तुम्ही मागे हटलात, आता टोकन विसरा." पावतीवर लोनबद्दल एक अक्षर नव्हतं. महिनाभर खेटे घातल्यावर निम्मे पैसे परत मिळाले. तोवर दिवाळीचा माल उधारीवर उचलला होता, आणि उधारीचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

एजंटने फसवलं का? मला नाही वाटत. व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, त्यामुळे तो व्यवहार पुढे ढकलणारच. तुम्हीही गिऱ्हाइकाला "घरी जाऊन विचार करा" असं रोज म्हणता का? तुमचं खेळतं भांडवल सांभाळणं हे त्याचं काम नाही.

दोन वर्षांनी दुसरा एजंट भेटला. फ्लॅट दाखवायच्या आधीच त्याने विचारलं, "साहेब, आयटीआर किती आहे?" मला रागच आला होता! पण त्याने आधी बँकेकडून लोन किती बसतंय ते काढायला लावलं आणि मग त्या बजेटमधलेच चार फ्लॅट दाखवले. सोसायटीच्या सेक्रेटरींशी गाठ घालून दिली. थकबाकी, शेअर सर्टिफिकेट, उन्हाळ्यात किती टँकर लागतात, सगळं तिथेच कळलं. चांगला एजंट यासाठी हवा. मात्र टायटल तपासायला, सर्च रिपोर्टला, वकील आपला स्वतःचाच घ्या.

आता हिशोब. समजा पिंपरी-चिंचवडमध्ये ४५ लाखांचा रिसेल फ्लॅट आहे. होम लोन ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे ३६ लाख. त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. तुमच्या खिशातून ९ लाख, ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी ३ लाख १५ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एक टक्का धरला तर ब्रोकरेज ४५ हजार. झाले १२ लाख ९० हजार. वकील, रंग, पंखे वेगळेच. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे. ४५ हजार वाचले, म्हणजे ब्रोकरेज निघालं की!

हे तेरा लाख धंद्यातून उचलले तर पुढच्या सीझनला माल कशाने भरणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत फ्लॅट बघायला जाऊच नका. एकदा आवडला की डोकं चालत नाही, माझं नाही चाललं.

नवीन प्रोजेक्टमधला फ्लॅट असेल तर एजंटचा महारेरा नोंदणी नंबर मागा आणि साइटवर टाकून बघा. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी ट्रेनिंग आणि परीक्षाही आणली आहे. तिथे रजिस्टर्ड करारनामा होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या सोसायटीतल्या रिसेलला हे कवच नाही, तिथे तुमची पावतीच कामाला येते. भाव पटत नसेल तर नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू बघा. शेजारचा फ्लॅट कितीला नोंदवला गेला ते दिसतं. एजंटशी घासाघीस करताना हा कागद फार उपयोगी पडतो.

टोकन द्यायचंच तर चेकने द्या. पावतीवर मालकाची सही घ्या आणि हे वाक्य लिहून घ्या: "खरेदीदाराला अमुक तारखेपर्यंत अमुक रकमेचं गृहकर्ज मंजूर न झाल्यास टोकनची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल." मालक का-कू करेल. दुसऱ्या वेळी माझ्या एजंटनेच त्यांना समजावलं. ब्रोकरेज किती आणि कधी द्यायचं, तेही पहिला फ्लॅट बघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं होतं. दस्त नोंदवून सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर आलो आणि तिथेच त्याला चेक दिला. एक रुपयाही कमी कर म्हणालो नाही.