होम डिरेक्टरीची स्वयंनिर्मिती व तिच्यातील बिघाडांची मीमांसा

युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेली लिनक्स या संगणक-प्रणालींत प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःची अशी एक जागा नेमून दिलेली असते. तिला 'होम डिरेक्टरी' म्हणतात. 'गृहनिर्देशिका' असा प्रतिशब्द तिला योजता येईल; परंतु 'निर्देशिका' म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दूरध्वनी-क्रमांकांची सूची उभी राहते, राहण्याची जागा उभी राहत नाही. गंमत अशी की, तांत्रिक दृष्ट्या ती सूचीच अधिक यथार्थ आहे. डिरेक्टरी म्हणजे नावे आणि त्या नावांपुढील क्रमांक यांची एक यादी होय; फाइली तिच्या 'आत' असतात ही केवळ बोलण्याची रीत आहे. येथे रूढ शब्दच ठेवला आहे. नाव व क्रमांक यांतील भेद मात्र पुढे वारंवार उपयोगी पडेल.

एकच संगणक असेल तेव्हा होम डिरेक्टरीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. प्रशासक ज्या आज्ञेने खाते उघडतो तीच आज्ञा डिरेक्टरीही निर्माण करू शकते. परंतु एखाद्या विद्यापीठीय विभागात पंधरा-वीस संगणक असतात. विद्यार्थ्याने कोणत्याही संगणकापुढे बसावे व त्याला आपले ध्वनिमुद्रण, शब्दसूची, प्रबंधाची प्रकरणे जशीच्या तशी मिळावीत, अशी अपेक्षा असते. अशा ठिकाणी खाती एलडॅपसारख्या मध्यवर्ती नामसेवेत ठेवतात, आणि सर्वांच्या होम डिरेक्टऱ्या एका फाइल-सर्व्हरवर ठेवून त्या नेटवर्कवरून प्रत्येक संगणकाला जोडतात. या जोडण्यास 'माउंट करणे' म्हणतात. आता नवे खाते उघडणे म्हणजे नामसेवेत एक नोंद करणे, एवढेच उरते. युनिक्सच्या पद्धतीत या नोंदीचे सात रकाने असून सहाव्या रकान्यात होम डिरेक्टरीचा मार्ग लिहिलेला असतो. तो लिहिल्याने कोणत्याही डिस्कवर काहीही निर्माण होत नाही. ते अभिधान आहे. अभिधेय वस्तू अस्तित्वात आहेच, अशी हमी त्यात नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंनिर्मितीची योजना करतात. नवा विद्यार्थी प्रथम लॉगिन करतो त्या क्षणी त्याची डिरेक्टरी नसल्यास ती निर्माण करावी, तिच्यात आरंभीच्या फाइलींचा एक ठरावीक संच घालावा आणि ती त्याच्या मालकीची करावी, असे तिचे स्वरूप असते. योजना बिघडली म्हणजे जे घडते ते विद्यार्थ्याला बुचकळ्यात टाकणारे असते. त्याचा पासवर्ड स्वीकारला जातो. परंतु होम डिरेक्टरी सापडत नाही असा संदेश येऊन तो डिरेक्टरी-वृक्षाच्या अगदी मुळाशी उभा राहतो, जेथे त्याला एक अक्षरही लिहिण्याची मुभा नसते. चित्रमय पडद्यावरून लॉगिन करणाऱ्यास तर बहुधा संदेशही मिळत नाही. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनची चौकट पुढे येते. पासवर्डच चुकला असावा, अशा समजुतीने तो बिचारा पुन्हा पुन्हा तोच लिहीत राहतो.

बिघाडाचा शोध घेताना पहिला प्रश्न असा की, निर्मितीचा प्रयत्न झाला तरी काय? लिनक्सवर हे काम 'पॅम' या व्यवस्थेतील 'एमकेहोमडिर' नावाच्या घटकाकडे असते. पॅमची मूळ कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या तंत्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडली. तिच्यानुसार लॉगिनची प्रक्रिया ओळख पटविणे, खात्याची वैधता तपासणे, सत्र उघडणे आणि पासवर्ड बदलणे अशा निरनिराळ्या कार्यांत विभागलेली आहे. एमकेहोमडिरचे स्थान सत्र उघडण्याच्या टप्प्यात आहे. शिवाय प्रत्येक सेवेची पॅम-यादी वेगळी असू शकते. म्हणून समोरच्या पडद्यावरून लॉगिन केले तर डिरेक्टरी होते आणि दूरच्या संगणकावरून एसएसएचने केले तर होत नाही, असा चमत्कार दिसतो. त्यात चमत्कार काही नसून एका यादीत एक ओळ कमी असते, किंवा एसएसएचच्या सेवेस पॅमचा वापर करण्यास सांगितलेलेच नसते. टप्प्यांच्या क्रमामुळे आणखी एक पेच उत्पन्न होतो. पासवर्डाऐवजी किल्लीच्या जोडीने ओळख पटवावयाची असेल तर एसएसएच ती किल्ली सामान्यतः वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतच शोधते. ओळख पटल्यावाचून सत्र नाही, सत्रावाचून डिरेक्टरी नाही आणि डिरेक्टरीवाचून ओळख नाही. अशा ठिकाणी पहिले लॉगिन पासवर्डाने करणे, अथवा किल्ल्या नामसेवेत ठेवणे, असे मार्ग राहतात. रेड हॅटच्या परंपरेतील प्रणालींत हे काम 'ऑडजॉब' नावाच्या वेगळ्या सेवेकडे सोपविलेले असते. ती सेवाच चालू नसेल तर पॅमची यादी कितीही निर्दोष असून उपयोग नाही.

प्रयत्न झाला परंतु तो नाकारला गेला, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रकार होय. येथे नेटवर्क फाइल सिस्टीम, अर्थात एनएफएस, हिच्या स्वभावाकडे वळावे लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने ही पद्धती १९८४ च्या सुमारास घडविली आणि १९८९ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे विवरण सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. तिच्या साध्या रूपात सर्व्हर वापरकर्त्यास ओळखीत नाही, त्याच्या क्रमांकास ओळखतो. विद्यार्थ्यापुढील संगणक सर्व्हरला सांगतो की, ही विनंती अमुक क्रमांकाच्या वापरकर्त्याची आहे. आणि सर्व्हर ते मान्य करतो. प्रत्येक युनिक्स संगणकावर सर्वाधिकारी असा जो 'रूट', त्याचा क्रमांक शून्य. मग एखाद्या संगणकावरील शून्याने सर्व्हरवरही शून्याचेच अधिकार गाजवावेत काय? साहजिकच बहुतेक सर्व्हर यास नकार देतात. लिनक्सवर 'रूट स्क्वॉश' हा नियम मुळातच लागू असतो: बाहेरून आलेल्या शून्याचे रूपांतर ६५५३४ या क्रमांकात, म्हणजे 'नोबडी' नावाच्या अधिकारशून्य व्यक्तीत, केले जाते. हा आकडा आगंतुक नाही. सनच्या मूळ पद्धतीत अशा व्यक्तीस उणे २ हा क्रमांक दिलेला होता, आणि सोळा द्विमान स्थानांत उणे २ लिहिले असता ते ६५५३४ असे वाचले जाते.

आता पेच ध्यानात येईल. एमकेहोमडिर विद्यार्थ्यापुढील संगणकावर रूटच्या अधिकाराने चालतो, कारण दुसऱ्याच्या नावे डिरेक्टरी करून तिची मालकी बदलणे हे रूटलाच शक्य असते. परंतु त्याची आज्ञा नेटवर्क ओलांडून सर्व्हरपाशी पोहोचते तेव्हा ती रूटची राहिलेली नसते, नोबडीची झालेली असते. होम डिरेक्टऱ्यांच्या मूळ स्थानी नोबडीस लिहिण्याचा अधिकार नसल्याने सर्व्हर नकार देतो. म्हणजे दोन्ही यंत्रे आपापल्या जागी अगदी बरोबर वागत असूनही काम अडते. याची खातरजमा सोपी आहे. विद्यार्थ्याच्या संगणकावर रूट होऊन त्या माउंट केलेल्या स्थानी एक रिकामी फाइल करून पाहावी. नकार मिळाला, किंवा फाइल झाली परंतु तिचा मालक नोबडी निघाला, तर निदान झाले.

या निदानावर जो उपाय सर्वत्र सांगितला जातो तो म्हणजे रूट स्क्वॉश बंद करणे. सर्व्हरवरील एका फाइलीत एक शब्द बदलला की डिरेक्टऱ्या धडाधड निर्माण होऊ लागतात, आणि यामुळेच हा उपाय घातक आहे. असे केल्याने विभागातील ज्या कोणत्याही एका संगणकावर कोणी रूट होऊ शकेल, तो सर्व्हरवरील त्या संपूर्ण साठ्याचा रूट होतो. तो रूटच्या मालकीचा आणि चालविणाऱ्यास रूटचे अधिकार देणारा प्रोग्राम तेथे ठेवू शकतो. माउंट करताना असे प्रोग्राम निष्प्रभ केलेले नसतील तर तो इतर संगणकांवरही सर्वाधिकारी होऊ शकतो. प्रयोगशाळेतील संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करता येत असेल तर रूट होण्यास पासवर्डही लागत नाही. ज्या साठ्यात भाषिक निवेदकांची, म्हणजे आपल्या घरची, गावची, कधी भांडणतंट्याचीही हकिकत विश्वासाने सांगणाऱ्या माणसांची ध्वनिमुद्रणे आहेत, त्याविषयी अशी सोय पत्करणे हे सोयीचे नव्हे, बेजबाबदारपणाचे लक्षण मानावे लागेल.

तथापि रूट स्क्वॉशकडून जे होत नाही तेही सांगितले पाहिजे, कारण याबाबत भाबडा समज फार आहे. हा नियम केवळ शून्याला अडवितो. स्थानिक रूटने आपले सोंग बदलून १०२७ हा क्रमांक धारण केला तर सर्व्हर त्यास १०२७ म्हणूनच स्वीकारतो आणि त्या विद्यार्थ्याच्या फाइली त्यापुढे ठेवतो. या तोतयेगिरीस आळा घालावयाचा तर केर्बेरोससारखी, क्रमांकावर न विसंबता प्रत्येकाच्या ओळखीचा पुरावा मागणारी, पद्धतच हवी. आणि केर्बेरोस असले म्हणजे स्थानिक रूटपाशी संगणकाचे ओळखपत्र असले तरी विद्यार्थ्याचे नसते. त्यामुळे त्याला सामान्यतः नोबडीच समजले जाते आणि एमकेहोमडिर तेथेही अडतो.

तात्पर्याने, डिरेक्टरी जेथे राहावयाची तेथेच, सर्व्हरवरच, निर्माण करावी. नामसेवेत नोंद करणारा जो प्रोग्राम असेल त्यानेच सर्व्हरवर डिरेक्टरी करण्याचे काम उरकावे. त्यातही क्रमाला महत्त्व आहे. एमकेहोमडिर केवळ 'आहे की नाही' एवढेच विचारतो. जी आहे ती पुरी आहे काय, योग्य मालकाची आहे काय, हे तो पाहत नाही. निर्मिती अर्ध्यावर तुटली तर रूटच्या मालकीची, निम्मीशिम्मी डिरेक्टरी तशीच पडून राहते आणि पुढच्या प्रत्येक लॉगिनला ती 'आहे' असेच उत्तर मिळते. म्हणून प्रथम तात्पुरत्या नावाने डिरेक्टरी करावी, आरंभीच्या फाइली घालाव्यात, इतरांस वाचता येणार नाही असे अधिकार ठरवावेत, मालकी बदलावी, आणि सर्वांत शेवटी तिला खरे नाव द्यावे. एकाच फाइल-व्यवस्थेत नाव बदलणे ही अखंड क्रिया आहे. ती होते किंवा होत नाही, अर्धवट होत नाही.

विंडोज संगणकांसाठी सांबा चालविणाऱ्या सर्व्हरवर हीच गोष्ट अधिक सुलभ आहे, कारण तेथे जोडणी होताच सर्व्हरवरच रूटच्या अधिकाराने एखादी आज्ञा चालविण्याची सोय आहे. मात्र सांबा पॅमच्या सत्र-नियमांकडे आपण होऊन लक्ष देत नाही. ते पाळण्याविषयीचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तो राहून गेल्यामुळे पॅमची यादी तपासण्यात दिवस गेल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

निर्मिती झाली, परंतु भलत्याच ठिकाणी झाली, असाही एक प्रकार आहे आणि हानीच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट. संगणक सुरू झाला तेव्हा फाइल-सर्व्हर बंद होता असे समजू. माउंट झाले नाही; परंतु ज्या रिकाम्या डिरेक्टरीवर माउंट व्हावयाचे ती स्थानिक डिस्कवर असतेच. एमकेहोमडिर तेथे निमूटपणे नवी डिरेक्टरी करतो. येथे त्यास अडविणारा कोणी नसतो. विद्यार्थी दिवसभर काम करतो. त्याला आपल्या जुन्या फाइली दिसत नाहीत, एवढेच खटकते. दुसऱ्या दिवशी सर्व्हर परत येतो, माउंट होते, जुन्या फाइली दिसू लागतात आणि कालचे काम नाहीसे होते. वस्तुतः ते नाहीसे झालेले नसून माउंटखाली झाकले गेलेले असते. मूळ फाइल-व्यवस्था दुसऱ्या एखाद्या स्थानी पुन्हा जोडून पाहिली म्हणजे ते जसेच्या तसे सापडते. हे ठाऊक नसल्यामुळे असे संगणक नव्याने सज्ज करताना कितीतरी काम कायमचे पुसले जात असावे. प्रतिबंध करावयाचा तर माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीस 'अपरिवर्तनीय' हे चिन्ह लावून ठेवावे. मग तिच्यात रूटलाही काही निर्माण करता येत नाही आणि बिघाड लपून न राहता त्याच क्षणी उघड होतो.

प्रत्येकाची डिरेक्टरी मागणीनुसार स्वतंत्रपणे माउंट करणारी 'ऑटोएफएस' ही व्यवस्था असेल तर असा घोटाळा सहसा होत नाही, पण दुसरा होतो. सर्व्हरवर जी डिरेक्टरी नाही ती माउंट होत नाही, आणि ऑटोएफएसच्या ताब्यातील जागेत एमकेहोमडिरला नवी करता येत नाही. प्रशासक मग ती सर्व्हरवर हाताने करतो, लगेच लॉगिन करून पाहतो, आणि तरीही 'नाही' असेच उत्तर येते. ऑटोएफएस एकदा मिळालेला नकार काही काळ लक्षात ठेवते. ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. तेवढा धीर न धरता केलेला योग्य उपाय मोडून भलत्याच उपायांमागे लागण्याची चूक येथे फार होते.

उरला मालकीचा प्रश्न. डिस्कवर मालकाचे नाव नव्हे, क्रमांक कोरलेला असतो. सर्व्हर व इतर संगणक एकाच नामसेवेस विचारीत नसतील, किंवा सर्व्हरवर त्याच नावाचे जुने स्थानिक खाते असेल, तर एकाच नावाचे दोन अर्थ होतात आणि डिरेक्टरी नावाने योग्य व क्रमांकाने परक्याची होते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत मालकाचे नाव क्षेत्रनामासह पाठविण्याची सोय आली. दोन्ही बाजूंची क्षेत्रनामे जुळली नाहीत तर सर्व फाइलींचा मालक नोबडी दिसू शकतो, मग साध्या क्रमांक-पद्धतीत प्रत्यक्ष वाचन-लेखन सुरळीत चालू असले तरी. यादीत दिसणारे नाव आणि अधिकार ठरविणारा क्रमांक येथे वेगवेगळ्या वाटांनी येतात. याच्या उलट, दोन व्यक्तींस एकच क्रमांक मिळाला तर प्रकरण गंभीर होते. एखादा संशोधक विभाग सोडून जातो, त्याचे खाते काढून टाकले जाते, परंतु त्याची डिरेक्टरी सर्व्हरवर राहते. पुढील वर्षी तोच क्रमांक नव्या विद्यार्थ्यास दिला गेला की जुन्या संशोधकाच्या सर्व फाइलींचा तो, स्वतःच्या नकळत, मालक होतो. म्हणून मोकळा झालेला क्रमांक पुन्हा देण्यापूर्वी सर्व्हरवरील संपूर्ण साठ्यात त्या क्रमांकाच्या फाइली शोधून पाहाव्यात. त्या सापडल्यास क्रमांक रिकामाच ठेवावा.