वय वाढत जाणारा दादा

तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की थोड्याच वेळात काबुकिचो लागतं. लाल दिव्यांची कमान, एकावर एक रचलेल्या पाट्या, पाच-सहा मजल्यांच्या अरुंद इमारती आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा बार. जपानमधली ही सगळ्यात बदनाम रात्रवस्ती. २००५ च्या डिसेंबरात सेगा कंपनीने ती उचलून प्लेस्टेशन २ च्या एका गेममध्ये ठेवली, तिचं नाव कामुरोचो केलं आणि त्यात काझुमा किर्यू नावाचा, पाठभर ड्रॅगन गोंदवलेला एक याकुझा, म्हणजे जपानी टोळीतला गुंड, सोडला. त्याला वीस वर्षं होऊन गेली. मालिका अजून चालू आहे. जपानबाहेर आधी ती ‘याकुझा’ म्हणून ओळखली गेली, आता ‘लाइक अ ड्रॅगन’ म्हणून.

पहिल्या भागाच्या आदल्याच वर्षी आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन आंद्रेआस’ने तीन शहरं आणि मधलं वाळवंट एका गेममध्ये कोंबलं होतं. मोटार चोरा, विमान उडवा, कुठेही जा. कामुरोचोत मोटार चालवता येत नाही. पळत सुटलात तर दोन-तीन मिनिटांत वस्तीचं दुसरं टोक येतं. पण वाटेतलं एकेक दार उघडतं. रामेनच्या दुकानात बसून पदार्थ मागवता येतो, तो खाल्ला की मारामारीत गेलेली ताकद भरून येते. बॅटिंग सेंटरमध्ये चेंडू टोलवता येतात, शोगी आणि माहजोंग खेळता येतं. सेगाच्या आर्केडमध्ये शिरलात तर तिथली जुनी यंत्रं नुसती शोभेची नसतात. ‘आउट रन’ किंवा ‘स्पेस हॅरियर’ त्यांवर खरोखर खेळता येतात. गेममधल्या माणसाने गेम खेळत बसायचं, आणि बाहेर त्याच्या टोळीत यादवी पेटलेली!

तोशिहिरो नागोशी या निर्मात्याच्या डोक्यातून हे निघालं. त्याआधी ते मोटारींच्या शर्यतीचे आणि गोलात बसलेल्या माकडांचे गेम करत होते. जपानी प्रौढ माणसाने जपानी प्रौढांसाठी केलेला गेम ही कल्पना सेगातल्या वरिष्ठांना आधी पटली नव्हती, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. त्यांनी पहिल्या दोन भागांच्या कथेसाठी काबुकिचोवर लिहिणारे गुन्हेकथाकार सेइशू हासे यांना सोबत घेतलं. पात्रांच्या पाठीवरची चित्रं होरितोमो या खऱ्या गोंदणकाराकडून काढून घेतली.

गेम चालला, आणि पुढचे भाग जवळजवळ दरवर्षी येऊ लागले. हे शक्य झालं ते वस्ती तीच ठेवल्यामुळे. रस्ते आधीच बांधलेले, पाट्या रंगवलेल्या. कष्ट वाचले ते माणसांवर आणि गोष्टींवर घालता आले. हिशेबी काटकसर म्हणूनच ते झालं असेल. पण त्यातून जे घडलं त्याला मला तरी दुसरी जोड सापडत नाही.

घडलं असं, की कथेतला काळ बाहेरच्या काळाबरोबर चालू लागला. गेम ज्या वर्षी येणार, कथाही साधारण त्याच सुमाराची. किर्यूचा जन्म १९६८ चा. पहिल्या भागात तो ३७ वर्षांचा आहे, मित्राने केलेला खून स्वतःवर घेऊन दहा वर्षं तुरुंगात काढून आलेला. त्याला भेटलेली हारुका ही मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिसऱ्या भागात तो ओकिनावात अनाथ मुलांचा आश्रम चालवतो. पाचव्यात हारुका सोळा वर्षांची गायिका आहे, सहाव्यात तिला मूल आहे. २०२४ च्या भागात किर्यूने पंचावन्नी गाठली आहे आणि त्याला कर्करोग झाला आहे. ताकाया कुरोदा या नटाचा आवाज पहिल्यापासून त्याच्यासोबत आहे. चित्रकथांतले नायक पन्नास वर्षं तरणेताठे राहतात. हा मात्र खेळणाऱ्याबरोबर म्हातारा होत चालला आहे.

मग २०१५ साली या मंडळींनी घड्याळ मागे फिरवलं. ‘याकुझा झिरो’ डिसेंबर १९८८ मध्ये घडतो. जपानच्या आर्थिक बुडबुड्याच्या वर्षांत. शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक वर्षभराने, १९८९ च्या अखेरीस, ३८,९१५ वर पोचणार होता आणि ती उंची पुन्हा गाठायला २०२४ उजाडणार होतं. तोक्योतल्या राजवाड्याची जमीन अख्ख्या कॅलिफोर्नियापेक्षा महाग, असं तेव्हा म्हटलं जाई. जमिनीचे तुकडे जोडून मोठा भूखंड करायचा तर मधले भाडेकरू आणि छोटे मालक हलायला हवेत. ते हलवण्यासाठी, म्हणजे दमदाटीसाठी, याकुझांचा खरोखर वापर होत असे. ‘झिरो’ची सगळी कथा अशाच एका तुकड्याभोवती फिरते: इमारतींच्या मधोमध उरलेली, धड घरही बांधता येणार नाही एवढीशी मोकळी जागा. ती ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे वस्तीच्या पुनर्विकासाची किल्ली. तिच्यासाठी प्रेतं पडतात. अर्थशास्त्राच्या धड्यात जमिनीची सट्टेबाजी वाचून जे कळत नाही ते या चिमुकल्या जागेकडे बघून कळतं.

या भागात गुंडाला ठोसा मारला की त्याच्या अंगातून नोटा उडतात. रस्त्यात टोळकं आडवं आलं तर मूठभर नोटा हवेत उधळायच्या. ते त्या गोळा करत बसतात, आपण निघून जायचं. हा विनोद आहे, आणि त्या काळावरची टिप्पणीही.

विनोदाबद्दल बोलायलाच हवं, कारण पहिल्यांदा खेळणारा तिथेच चक्रावतो. मुख्य कथा रडवणारी, आणि बाजूच्या उपकथा वेड लागल्यासारख्या. बोलिंगमध्ये सलग तीनदा सगळ्या बाटल्या पाडल्या तर किर्यूला बक्षीस म्हणून कोंबडी मिळते आणि तो तिला आपल्या जमीनजुमल्याच्या धंद्यात व्यवस्थापक नेमतो. दुसऱ्या एका उपकथेत लहान मुलाने रांगेत उभं राहून घेतलेला नवा गेम चोरीला जातो. चोराकडून तो दुसरा लुबाडतो, त्याच्याकडून तिसरा, आणि साखळीच्या शेवटी सापडतो तो त्या मुलाचाच बाप, पोरासाठी गेम मिळवायला निघालेला. १९८८ च्या फेब्रुवारीत ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ विक्रीला आला तेव्हा मुलांकडून तो हिसकावल्याच्या घटना जपानमध्ये खरोखर घडल्या होत्या.

आता आक्षेप. खऱ्या याकुझांचं पोट खंडणी, अमली पदार्थ आणि फसवणुकीवर चालतं. किर्यू यातलं जवळजवळ काहीच करत नाही. तो शब्द पाळतो, दुबळ्यांसाठी उभा राहतो. १९६० च्या दशकात तोएई स्टुडिओने असे सज्जन गुंड पडद्यावर रांगेने उभे केले होते. किर्यू त्याच घराण्यातला. मालिकेतल्या बहुतेक बायका कथा पुढे ढकलण्यापुरत्या येतात. हे दोन्ही दोष मला मान्य आहेत.

तरीही खऱ्या याकुझांचं जे झालं ते मालिकेने टाळलं नाही. १९६३ साली जपानी पोलिसांच्या हिशेबी या टोळ्यांत १,८४,००० च्या आसपास माणसं होती. १९९२ मध्ये त्यांच्याविरुद्धचा खास कायदा लागू झाला. २०११ पर्यंत सर्व प्रांतांनी त्यांच्याशी व्यवहार करण्यावरच बंदी आणली. बँकेत खातं नाही, मोबाइल नाही, भाड्याचं घर नाही. टोळी सोडली तरी सर्वसाधारणपणे पाच वर्षं हीच अवस्था. २०२४ च्या अखेरीस संख्या १८,८०० वर आली.

२०२० च्या भागात लेखकांनी किर्यूला बाजूला ठेवून इचिबान कासुगा हा नवा नायक आणला. तोही दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन अठरा वर्षं तुरुंगात होता. सुटतो तेव्हा दाराशी टोळीतलं कुणीही नाही. योकोहामात बेघरांच्या वस्तीत त्याचे दिवस सुरू होतात, आणि लहानपणापासून ‘ड्रॅगन क्वेस्ट’चं वेड असलेल्या या माणसाला हाणामाऱ्याही त्याच गेमसारख्या, आळीपाळीने वार करत दिसू लागतात. त्याच भागात दोन सर्वांत मोठ्या टोळ्या स्वतःला विसर्जित करतात. पुढच्या भागात इचिबान हॅलो वर्क या सरकारी रोजगार केंद्रात काम करतो आणि टोळी सुटलेल्यांना नोकरी शोधून देतो. याकुझांवरचा गेम इथवर येईल असं २००५ साली कुणाला वाटलं असतं?

खेळायचं मनात आलं तर ‘झिरो’पासून सुरुवात करा. आवाज जपानीच ठेवा, उपशीर्षकं इंग्रजीत आहेत. कथेची घाई करू नका. रात्री वस्तीत उगाच फिरा, दिसेल त्या माणसाशी बोला. घरातल्या मुलांच्या हाती मात्र देऊ नका. तो मोठ्यांसाठीच केलेला गेम आहे.