वेग, उष्णता आणि ब्रेक

म्हैसूर शहराच्या आग्नेयेस चामुंडी टेकडी आहे. आषाढातील शुक्रवारी देवीच्या दर्शनासाठी तेथे अलोट गर्दी होते. एरवीही वळणावळणाच्या त्या रस्त्यावर मोटारींची वर्दळ असते. टेकडी चढताना गाडीच्या इंजिनाचा कस लागतो. उतरताना मात्र सारी भिस्त ब्रेकवर असते. इंजिन किती अश्वशक्तीचे आहे हे गाडी घेणारा प्रत्येक जण आवर्जून विचारतो. ब्रेकची चौकशी बहुधा तेव्हाच होते, जेव्हा पॅड घासून चाकातून करकर आवाज येऊ लागतो.

गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबांतही वेगवान सेडान गाड्या दिसू लागल्या आहेत. स्कोडा कंपनीची 'ऑक्टाव्हिया आरएस' ही गाडी 2004 साली भारतात आली. तिचे टर्बो पेट्रोल इंजिन 150 अश्वशक्तीचे होते. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगनची 'व्हर्टस' 2022 साली बाजारात आली, आणि तिच्या 'जीटी' प्रकारातही तेवढ्याच शक्तीचे इंजिन होते. मात्र त्या वेळी तिच्या मागच्या चाकांना डिस्क नव्हे, जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. अशा गाडीचे पॅड आणि डिस्क बदलण्याची वेळ आली की दुकानदार अनेक पर्याय पुढे ठेवतो. काही स्वस्त असतात, काही महाग, तर काहींवर 'रेसिंग' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. यांतून निवड करायची असेल, तर ब्रेक नेमके काय काम करतो हे आधी समजून घ्यावे लागते.

डिस्क ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. तिला डिस्क किंवा रोटर म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना कॅलिपरमध्ये एकेक पॅड बसवलेला असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि दोन्ही पॅड तबकडीला चिमटीत धरतात. या घर्षणाने गाडीची गती नाहीशी होते, पण ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता बनते. ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे, आणि ही उष्णता झेलून हवेत सोडून देणे हेच त्याचे खरे काम आहे.

ही उष्णता किती असते याचा हिशेब करता येतो. 1300 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे 5 लाख ज्यूल ऊर्जा असते. दीड लिटर गार पाण्याला उकळी आणण्यास साधारण एवढीच उष्णता लागते. म्हणजे बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गावर 100 च्या वेगात असलेली गाडी एकदा पूर्ण थांबवली की दीड लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता काही सेकंदांत चार चाकांच्या ब्रेकमध्ये उतरते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे त्यातील सुमारे 70 टक्के वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो. पुढची प्रत्येक तबकडी 7 किलोची धरली, तर एका थांबण्याने तिचे तापमान अंदाजे 50 अंशांनी वाढते. सपाट रस्त्यावर पुढच्या थांब्यापर्यंत ती वाऱ्याने निवते. त्यामुळे या मार्गावरचा वेग कितीही भीतिदायक वाटला, तरी ब्रेकच्या दृष्टीने तो फारसा अवघड नाही.

उताराचा हिशेब वेगळा आहे. चामुंडी टेकडीची पायथ्यापासूनची उंची 250 मीटर धरली, तरी तीच गाडी खाली उतरवताना सुमारे 32 लाख ज्यूल ऊर्जा रोखावी लागते. म्हणजे 10 लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी. येथे गाडीचा वेग ताशी 30 किलोमीटरही नसतो. तरीही ब्रेकवर पडणारा बोजा 100 च्या वेगातून सहा वेळा थांबण्याइतका असतो. शिवाय वेग कमी म्हणून वाराही कमी. म्हैसूरहून बंदीपूरमार्गे उटीला जाणाऱ्यांना मसिनगुडीच्या बाजूचा कल्हट्टी घाट ठाऊक असतो. त्यात 36 तीव्र वळणे आहेत. उटी ते मसिनगुडी या उतारावर गाडी सुमारे 1200 मीटर खाली येते. ही सारी उष्णता पुढच्या तबकड्यांतच साठून राहिली असती, तर त्या वितळून गेल्या असत्या. तसे होत नाही, कारण वारा तबकड्यांना थंड करत राहतो आणि जाणता चालक खालचा गिअर टाकून बराचसा भार इंजिनावर सोपवतो. जो चालक असे न करता सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, त्याच्या गाडीचे ब्रेक मध्येच सैल पडतात. या घाटात असे अपघात वारंवार घडले, जीव गेले आणि उताराने येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्यांवर निर्बंध घालावे लागले.

ब्रेक सैल पडतात ते दोन कारणांनी. पहिले कारण पॅडमध्ये असते. पॅडचा मसाला ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड घटते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरे कारण ब्रेक ऑइलमध्ये असते. हे द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. 'डॉट 4' प्रतीचे नवे ऑइल 230 अंशांच्या खाली उकळता कामा नये, असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलासाठी हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल सरळ तळाला जाते. महागडे पॅड घेऊन चार वर्षांपूर्वीचे ऑइल तसेच ठेवणे हा पैशाचा अपव्यय आहे. साधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलावे.

आता पॅडच्या प्रकारांकडे वळता येईल. राळ आणि तंतू यांपासून बनवलेले सेंद्रिय पॅड शांत असतात, थंड असतानाही चांगली पकड देतात आणि तबकडीला फारसे घासत नाहीत. पण लांब उतारावर ते लवकर थकतात. लोखंडाचे तंतू व भुकटी मिसळलेले अर्धधातूचे पॅड अधिक उष्णता सोसतात. त्यांचा आवाज आणि काळी भुकटी मात्र जास्त, आणि तबकडीही ते लवकर झिजवतात. सिरॅमिक पॅड शांत, टिकाऊ व कमी भुकटीचे असतात. चाके स्वच्छ राहावीत अशी हौस असणाऱ्यांना ते आवडतात. शर्यतीचे पॅड या सर्वांहून निराळे. ते तापल्यावरच नीट पकडतात. घरातून निघालेली गाडी पहिल्याच चौकात थांबवायची असेल, तर तेथे हा पॅड साध्या पॅडपेक्षाही कमी पडू शकतो. शहरात फिरणाऱ्या गाडीला असा पॅड लावणे हे शौर्य नसून धोका आहे.

बऱ्याच पॅडच्या कडेवर इंग्रजी अक्षरांची एक जोडी छापलेली असते. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षण दाखवते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. 'ई'पेक्षा 'एफ' आणि 'एफ'पेक्षा 'जी' अधिक पकड दर्शवते. 'एफई' असलेला पॅड तापल्यावर ढिला पडणार, तर 'एफएफ' असलेला आपली पकड बऱ्यापैकी राखणार, एवढे त्यावरून कळते. पॅड किती दिवस टिकेल हे ही अक्षरे सांगत नाहीत. दैनंदिन शहरी वापर आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा घाट असा ज्यांचा क्रम आहे, त्यांना कंपनीने सुचवलेला किंवा त्याच घर्षणश्रेणीचा, चांगल्या उत्पादकाचा अर्धधातू पॅड पुरेसा होतो.

तबकडीच्या बाबतीत दिखाऊपणा अधिक आढळतो. भोके पाडलेली तबकडी रुबाबदार दिसते, परंतु वारंवार तापून थंड होताना त्या भोकांच्या कडांपासून तडे जाण्याची शक्यता असते. रस्त्यावरच्या गाडीला दोन थरांमध्ये हवा खेळणारी साधी, भरीव पृष्ठभागाची तबकडीच उत्तम. तबकडीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. गॅरेजमध्ये मायक्रोमीटरने जाडी मोजून घ्यावी. ती मर्यादेच्या खाली गेली असेल, किंवा लेथवर घासल्यानंतर जाणार असेल, तर तबकडी बदलावी. पातळ तबकडी तीच उष्णता कमी बिडात साठवते आणि म्हणून अधिक तापते. तबकड्या व पॅड नेहमी एकाच आसावरच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलावेत; अन्यथा जोरात ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.

मोठ्या व्यासाच्या तबकड्या बसवण्याचा मोह काहींना होतो. शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर, आणि चाके आताही एबीएस चालू होण्याइतकी आवळली जात असतील, तर मोठ्या तबकडीने थांबण्याचे अंतर विशेष घटत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल मात्र बिघडू शकतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांवर बंधने आहेत.

खरेदी करताना चॅसिस क्रमांक सांगून सुटा भाग जुळवून घ्यावा, वेष्टन पारखावे आणि पक्के बिल घ्यावे. ब्रेकच्या सुट्या भागांत नकली माल पुष्कळ असतो, आणि तो नकली असल्याचे घाटातच उघड होते.

भाग बसवताना चाकाच्या हबवरील गंज तारेच्या ब्रशने काढावा; त्याचा पातळसा थर राहिला तरी तबकडी डगमगते. जुनी भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती श्वासावाटे छातीत जाते. काम झाल्यावर गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत अनेकदा दाबावे. नवा पॅड बसवताना कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकललेला असतो आणि पहिल्या दाबाला पाय पोकळीत गेल्यासारखा वाटतो.

त्यानंतर पॅड आणि तबकडी यांची ओळख व्हावी लागते. बाह्य वळणरस्त्यासारख्या मोकळ्या मार्गावर, पहाटे रहदारी नसताना, 60 च्या वेगातून 20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा. पूर्ण थांबू नये आणि दोन वेळांमध्ये गाडी थोडी धावू द्यावी. तापलेली गाडी पेडल दाबून उभी ठेवली, तर पॅडचा मसाला तबकडीला एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. यालाच पुष्कळ लोक 'डिस्क वाकली' असे म्हणतात. पहिल्या दिवशी किंचित जळका वास येणे स्वाभाविक आहे. पुढेही सपाट रस्त्यावर तो येत राहिला, तर कॅलिपर अडकला असण्याचा संभव असतो, आणि चामुंडीचा रस्ता धरण्याआधी गाडी गॅरेजमध्ये न्यावी.