मत्स्यालय, घरगुती

मत्स्यालय, घरगुती : शोभिवंत मासे व जलवनस्पती घरात काचेच्या टाकीत ठेवण्याच्या रचनेला घरगुती मत्स्यालय म्हणतात. परस्परांना उपद्रव न देणाऱ्या, पण निरनिराळ्या जातींच्या माशांना एकाच टाकीत ठेवले असता त्याला मिश्र मत्स्यालय असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत गोड्या पाण्याच्या मोठ्या मिश्र मत्स्यालयाची आखणी, त्यातील जीवरासायनिक प्रक्रिया आणि माशांची निवड यांची माहिती दिली आहे. सार्वजनिक मत्स्यालयांची माहिती अन्यत्र दिली आहे. [→ जलजीवालय].

लहान टाकी सांभाळण्यास सोपी असते, हा समज चुकीचा आहे. थोड्या पाण्यात माशांच्या उत्सर्गाची व कुजलेल्या अन्नाची संहती (प्रमाण) झपाट्याने वाढते. तापमानही दिवसरात्रीत पुष्कळ बदलते. पाण्याचा साठा मोठा असला, तर हे बदल मंदगतीने होतात आणि चूक सुधारण्यास अवधी मिळतो. म्हणून नवशिक्याला गोल बरणीपेक्षा २०० लि. किंवा अधिक पाण्याची टाकी सोयीची ठरते.

इतिहास : चीनमध्ये सोनमासा (गोल्डफिश) कित्येक शतकांपासून तळ्यांत व भांड्यांत पाळला जात आहे. तथापि काचेच्या टाकीत जलीय जीवसृष्टी टिकवून धरण्याचा शास्त्रीय प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १८५० मध्ये प्रसिद्ध केला. वनस्पतींनी ऑक्सिजन पुरवावा, गोगलगायींनी कुजकी पाने खावीत आणि माशांच्या उत्सर्गावर वनस्पती वाढाव्यात, असा त्यामागील ‘समतोला’चा विचार होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत फिलिप हेन्री गॉस या निसर्गवैज्ञानिकांचा मोठा वाटा होता. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. वॉरिंग्टन यांच्या समतोलाच्या कल्पनेत एक महत्त्वाचा घटक राहून गेला होता. तो म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजंतू. मत्स्यालयाचे यशापयश मुख्यत्वे त्यांच्यावर अवलंबून असते, हे पुढे स्पष्ट झाले.

टाकी व तिची जागा : उदाहरणादाखल १२० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ५० सेंमी. उंच टाकी घेतल्यास तिचे घनफळ २७० लि. भरते. तळाशी ५ सेंमी. वाळूचा थर दिला व वरती ५ सेंमी. जागा मोकळी सोडली, तर प्रत्यक्षात सु. २२५ लि. पाणी मावते. पाणी, वाळू, १० मिमी. जाडीची काच आणि लोखंडी घडवंची यांचे एकत्रित वजन सु. ३५० किग्रॅ. होते व ते जेमतेम अर्ध्या चौ. मी. जागेवर पडते. राहत्या घराच्या तक्तपोशीचा आराखडा करताना सर्वसाधारणपणे दर चौ. मी.ला २०० किग्रॅ. इतका समान पसरलेला भार गृहीत धरलेला असतो. म्हणून वरच्या मजल्यावर अशी टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर अथवा भारवाही भिंतीलगत ठेवावी. जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता घातल्यास पृष्ठाचा किंचित उंचसखलपणा भरून निघतो व काच तडकण्याचा धोका कमी होतो. खिडकीतील थेट उन्हाने शैवले माजतात व पाणी तापते, यासाठी ती जागा टाळावी.

टाकी उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असणे श्रेयस्कर असते. हवेतील ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातून विरघळतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड तेथूनच बाहेर पडतो, त्यामुळे पृष्ठाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते. वायुपंपाच्या बुडबुड्यांचा मुख्य उपयोगही पाणी ढवळून पृष्ठाचे नूतनीकरण करणे हाच होय. गोड्या पाण्यात २५° से.ला दर लिटरमध्ये सु. ८.३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से.ला तो सु. ७.५ मिग्रॅ. इतकाच मावतो. उलट तापमानाबरोबर माशांची ऑक्सिजनाची गरज वाढते. म्हणून उन्हाळ्यात पाणी अधिक खेळते ठेवावे लागते. कोकणपट्टीत तापकाची गरज क्वचितच भासते. पुणे, नासिक, विदर्भ या भागांत हिवाळ्यात मात्र तापनियंत्रक असलेला सु. २०० वॉटचा तापक ठेवणे इष्ट असते.

तळाशी गोलसर कणांची, धुतलेली नदीची वाळू घालावी. शंख-शिंपल्यांचे तुकडे, पोवळे व संगमरवरी खडे यांतील कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळून पाण्याची दुष्फेनता (साबणाचा फेस होऊ न देण्याचा गुणधर्म) वाढवते. खड्यावर अम्लाचा थेंब टाकल्यावर तो फसफसला, तर असा खडा वापरू नये. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिने व जावा नेचा या वनस्पती मंद प्रकाशातही वाढतात. त्यांना रोज सु. ८ तास प्रकाश पुरतो.

पाणी : नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढते व उपयुक्त सूक्ष्मजंतूंचाही नाश करते. उघड्या भांड्यात हवा सोडून पाणी एक दिवस ठेवल्यास मुक्त क्लोरीन निघून जाते. क्लोरीन अमोनियाशी संयुक्त होऊन बनलेली क्लोरामाइने मात्र अशी सहज जात नाहीत. घाई असल्यास दर १ मिग्रॅ. क्लोरिनामागे सु. ७ मिग्रॅ. स्फटिकी सोडियम थायोसल्फेट घालतात, २२५ लि. पाण्यात दर लिटरमागे १ मिग्रॅ. क्लोरीन असल्यास सु. १.६ ग्रॅ. पुरेसे होते. तलावांतून येणारे मुंबईचे पाणी सौम्य असते, तर दख्खनच्या पठारावरील विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. उपलब्ध पाण्याचे रसायनांनी रूपांतर करीत बसण्यापेक्षा त्या पाण्यात सुखाने राहतील असे मासे निवडणे नवशिक्याला सुरक्षित असते.

नायट्रोजन चक्र : माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो; उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही तो निर्माण होतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात : अमोनियम आयन (विद्युत् भारित अणुगट) तुलनेने निरुपद्रवी असतो, तर मुक्त अमोनिया अत्यंत विषारी असतो. त्यांचे परस्परप्रमाण पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) व तापमान यांवर ठरते. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असता एकूण अमोनियापैकी सु. ०.६% मुक्त स्वरूपात असतो. पीएच मूल्य ८ झाले की तो सु. ५% होतो. म्हणजे तोच अमोनिया क्षारीय पाण्यात सु. नऊपट घातक ठरतो.

सूक्ष्मजंतूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटात व दुसरा गट नायट्राइटाचे नायट्रेटात ऑक्सिडीकरण करतो. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. नायट्रोस्पायरा वंशातील काही सूक्ष्मजंतू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, असे २०१५ मध्ये आढळून आले. त्यासंबंधीच्या दोन स्वतंत्र शोधांपैकी एक मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतील सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासातून लागला. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनाचे ऑक्सिजन वाहण्यास असमर्थ अशा तपकिरी मेथहीमोग्लोबिनात रूपांतर करते. त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासे पृष्ठाशी येऊन धापा टाकतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच कमी घातक असते.

हे सूक्ष्मजंतू मंदगतीने वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास सर्वसाधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. टाकी भरली त्याच दिवशी डझनावारी मासे सोडले, तर पहिल्या काही दिवसांत अमोनिया व त्यामागून नायट्राइट साचते आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे एकामागून एक मरू लागतात. अशा वेळी घाबरून सर्व पाणी ओतून टाकणे, वाळू उपसणे व गाळणी नळाखाली घासून धुणे हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरतो, कारण नुकतीच वसू लागलेली सूक्ष्मजंतूंची वस्ती त्यामुळे नाहीशी होते व चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवशिक्यांच्या अपयशाचे हेच प्रमुख कारण होय.

यासाठी मासे आणण्यापूर्वीच टाकी परिपक्व करून घ्यावी. गाळणी चालू ठेवून दर लिटरला सु. २ मिग्रॅ. अमोनिया होईल इतके अमोनियम क्लोराइड पाण्यात घालतात आणि रासायनिक चाचणीने रोज वा एक दिवसाआड परीक्षा करतात. अमोनिया संपला की पुन्हा तेवढेच घालतात. घातलेला अमोनिया व त्यापासून बनलेले नायट्राइट ही दोन्ही २४ तासांत शून्यावर येऊ लागली आणि नायट्रेट वाढले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे. जुन्या, निरोगी मत्स्यालयातील गाळणीचा स्पंज आणून लावल्यास हा काळ बराच कमी होतो. नायट्रीकरणात पाण्यातील बायकार्बोनेट खर्च होते. सौम्य पाण्यात त्यामुळे पीएच मूल्य घसरत जाते व क्रिया मंदावते. पाणी नियमित बदलल्याने ही उणीव भरून निघते.

गाळणी : स्पंज, चिनी मातीच्या सच्छिद्र नळ्या इत्यादींच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजंतू वस्ती करतात, म्हणून गाळणी केवळ गाळ अडविणारे साधन नसून मत्स्यालयाचे जैव केंद्र असते. तासाला टाकीच्या घनफळाच्या चार-पाच पट, म्हणजे येथे सु. १,००० लि., पाणी तिच्यातून फिरावे. स्पंज धुवावयाचा झाल्यास टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. वीजपुरवठा कित्येक तास खंडित झाला, तर बंदिस्त गाळणीतील ऑक्सिजन संपून आतील पाणी दूषित होते. अशी गाळणी तशीच पुन्हा सुरू न करता आधी आतील पाणी काढून टाकावे. विद्युत् घटावर चालणारा वायुपंप जवळ असल्यास अशा वेळी मासे वाचतात.

माशांची निवड : माशाच्या दर १ सेंमी. लांबीमागे १ ते २ लि. पाणी असा ठोकताळा वापरतात. लांबी पूर्ण वाढलेल्या माशाची धरावयाची असते आणि हा ठोकताळा फक्त लहान माशांना लागू पडतो. आकार तोच राहून लांबी दुप्पट झाली की वस्तुमान आठपट होते, त्यामुळे १० सेंमी.चा एक मासा ५ सेंमी.च्या दोन माशांच्या बरोबरीचा नसतो.

वरील टाकीसाठी, २५° से.च्या आसपास एकत्र नांदणाऱ्या आशियाई माशांचा पुढील संच योग्य ठरतो : (१) गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील झीब्रा डॅनिओ (डॅनिओ रेरिओ), ८; हे पृष्ठाजवळ वावरतात; (२) श्रीलंकेतील चेरी बार्ब (पुंटिअस टिट्टेया), ८; (३) मलाया द्वीपकल्प व सुमात्रा येथील हार्लेक्विन रासबोरा (ट्रायगोनोस्टिग्मा हेटेरोमॉर्फा), ८; हे दोन्ही मधल्या थरात राहतात; (४) आग्नेय आशियातील कुहली लोच (पँगिओ वंश), ५; हे तळाशी वाळूत दडतात; (५) मोती गुरामी (ट्रायकोपोडस लीराय), एक नर व दोन माद्या. गुरामीला कल्ल्यांखेरीज हवेतील ऑक्सिजन घेणारे चक्रव्यूहेंद्रिय असते, म्हणून तो मधूनमधून पृष्ठाशी येतो. ते आजाराचे लक्षण नव्हे. पहिल्या चार प्रकारांचे मासे समूहप्रिय असून एकेकटे ठेवल्यास भित्रे बनतात वा मलूल होतात.

सर्व मासे एकदम आणू नयेत. प्रथम काटक डॅनिओ, दोन आठवड्यांनी बार्ब व रासबोरा, त्यानंतर लोच आणि शेवटी गुरामी असा क्रम ठेवावा. प्रत्येक तुकडीबरोबर सूक्ष्मजंतूंची वस्ती वाढण्यास अवधी मिळतो. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ⇨इक्थिऑप्थिरिअस मल्टिफिलिस या आदिजीवामुळे होतो. तो त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, पाण्यात मुक्त पोहणाऱ्या अवस्थेतच तो मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवावे लागतात.

बाजारात पिल्लांच्या रूपाने विकले जाणारे काही मासे अशा टाकीस सर्वथा अयोग्य असतात. ‘शार्क’ या नावाने मिळणारा पंगास (पँगेसियानोडॉन हायपोप्थॅल्मस) मीटरभराहून अधिक वाढतो. ऑस्कर सु. ३० सेंमी. होतो व लहान मासे गिळतो. काच स्वच्छ करणारा म्हणून खपणारा सकर मासा (टेरिगोप्लिक्थिस वंश) ४० सेंमी.पर्यंत वाढतो आणि स्वतःच पुष्कळ विष्ठा टाकतो. सोनमासाही जास्त घाण करणारा व थंड पाण्याचा असल्याने या संचात बसत नाही. टोचून रंगविलेले काचमासे (पॅरांबॅसिस रंगा) घेऊ नयेत. त्यांच्या त्वचेखाली सुईने रंग भरलेला असतो व तो काही काळाने फिका पडतो.

निगा : दिवसातून एकदा वा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. आठवड्यात नायट्रेट दर लिटरला १० मिग्रॅ. वाढत असेल, तर या पद्धतीने ते कालांतराने पाणी बदलण्यापूर्वी ४० व बदलल्यावर ३० मिग्रॅ. या पातळीवर स्थिरावते. याहून कमी हवे असल्यास मासे व अन्न कमी करावे किंवा अधिक पाणी बदलावे. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची केवळ भर घालणे पुरेसे नसते, कारण त्यात क्षार व नायट्रेट मागे राहतात.

मत्स्यालय व निसर्ग : भारतात विकले जाणारे बहुतेक शोभिवंत मासे परदेशी जातींचे असून त्यांची पैदास मुख्यतः कोलकाता व चेन्नई यांच्या परिसरात होते. देशातून निर्यात होणाऱ्या माशांत मात्र ईशान्येकडील नद्यांतून व पश्चिम घाटातील ओढ्यांतून पकडलेले मासे पुष्कळ असतात. ‘मिस केरळ’ या नावाने प्रसिद्ध असलेला, केरळ व दक्षिण कर्नाटकातच आढळणारा डेनिसन बार्ब (सह्याद्रिया डेनिसोनी) बेसुमार पकडीमुळे संकटग्रस्त झाला आहे. म्हणून शक्यतो टाकीत पैदास केलेले मासेच घ्यावेत. उलट बाजूने, मोठे झालेले सकर मासे लोकांनी पाण्यात सोडल्यामुळे केरळ, पश्चिम बंगाल व आंध्र प्रदेशातील जलाशयांत त्यांनी ठाण मांडले आहे. ते काठ पोखरतात, स्थानिक माशांचे अन्न खातात व कोळ्यांची जाळी फाडतात. नकोसा झालेला मासा नदीत वा विहिरीत सोडणे ही भूतदया नसून त्या जलाशयातील जीवांवर लादलेले संकट असते. असा मासा दुकानदाराला अथवा दुसऱ्या छांदिष्टाला द्यावा. माशाची अंतिम लांबी व आयुर्मान विकत घेण्यापूर्वीच पाहिल्यास असा प्रसंग सहसा येत नाही. [→ मत्स्योद्योग].