अंबरनाथचें शिवालय : आपल्या दारचें प्राचीन शिल्प

इटली देशांतील पिसा नगराचा कललेला मनोरा न पाहतांही सर्वांच्या ओळखीचा असतो. परंतु बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगर येथील मुलांस, आपल्या घराजवळचें शिवालय कोणी बांधलें, असा प्रश्न केला, तर बहुधा "पांडवांनीं एका रात्रींत" हें उत्तर येतें. गेल्या सहलीच्या वेळीं आम्हांसही तेंच मिळालें. म्हणून हा लेखप्रपंच.

या प्रश्नाचें खरें उत्तर मंदिरच देतें. उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर आंतील बाजूस एक शिलालेख आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हें वर्ष असून उत्तर कोंकणचा शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. पिसा येथील भव्य ख्रिस्तमंदिराचा पाया इ. स. १०६३-६४ च्या सुमारास घातला गेला, आणि तो प्रसिद्ध मनोरा तर इ. स. ११७३ मध्यें आरंभिला. म्हणजे ज्या काळांत तेथें पांढरा संगमरवर रचला जाऊं लागला, त्याच काळांत आपल्या वालधुनी नदीच्या कांठीं काळा पाषाण घडविला जात होता.

या मंदिरास कित्येक लोक हेमाडपंती म्हणतात. परंतु हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री तेराव्या शतकांतील. त्याच्या जन्मापूर्वींच हें मंदिर उभें होतें. चुन्यावांचून दगडावर दगड नेमका बसविलेला दिसला, कीं त्यास हेमाडपंती म्हणण्याची आपल्याकडे रूढि पडली आहे, इतकेंच. या मंदिराच्या शिखराची घडण भूमिज नांवाची आहे. तींत शिखराच्या चारी अंगांस मधोमध एकेक नक्षीची उभी पट्टी वर चढत जाते आणि दोन पट्ट्यांमधील जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. सिन्नरचें गोंदेश्वर मंदिरही याच घडणीचें. पण काल निश्चित ठाऊक असलेल्या भूमिज मंदिरांत आपलें मंदिर अगदीं आरंभींच्यांपैकीं होय.

आंत पाऊल टाकतांना घाई करूं नये. मंदिराचें तोंड पश्चिमेस असून मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंस द्वारमंडप आहेत. मधल्या चार कोरीव खांबांवर छत पेललेलें आहे. त्यांतील दगडांचीं वर्तुळें वर वर लहान होत जातात. गाभारा मात्र खोल असून तेथें पायऱ्या उतरून जावें लागतें. बाहेरची भिंत सरळ नसून तिला अनेक कोन पाडलेले आहेत. त्यामुळें सूर्य फिरतो तशी मूर्तींवरील छायाही फिरते. इ. स. १८६८ मध्यें मुंबईच्या कलाशाळेंतील मंडळींनीं येथें येऊन या शिल्पाचीं चित्रें व ठसे तयार केले होते.

त्या सहलींत एका विद्यार्थ्यानें किल्ली काढून खांबावर आपलें नांव कोरण्यास आरंभ केला. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं, उत्तरद्वाराशीं नेऊन तुळई दाखविली व म्हटलें, "ज्या राजानें हें मंदिर उभारलें, त्याचा लेख आंतल्या बाजूस, सहज दिसणार नाहीं अशा जागीं आहे. तूं यांतला कोणता दगड बसविलास?" मुलगा कांहीं बोलला नाहीं; किल्ली मात्र खिशांत गेली.

पिसाचा मनोरा मऊ जमिनीमुळें कलत कलत धोक्यांत आला, तेव्हां इ. स. १९९० मध्यें तो प्रेक्षकांस बंद करण्यांत आला. चढत्या बाजूखालची माती थोडथोडी काढून त्याचा कल कमी केला आणि इ. स. २००१ मध्यें तो पुनः उघडला. अकरा वर्षें त्या नगरानें वाट पाहिली! आपलें मंदिर सरकारनें संरक्षित केलेलें आहे. पण त्याच्या पायथ्याशीं वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें काळवंडली आहे. मंदिराचें रक्षण कायदा करील. नदीचें रक्षण तिच्या कांठच्या माणसांवांचून कोण करणार?

कोणी म्हणेल, आम्ही तर येथें नवे. इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतूनच उल्हासनगर वसलें, हें खरें. परंतु वारसा हा केवळ रक्तानें मिळत नाहीं. जो त्याची निगा राखतो, त्याचा तो होतो. आईबापांस आमची विनंति, कीं एखाद्या रविवारीं सकाळीं मुलांस घेऊन तेथें जावें. शिवरात्रीच्या गर्दींत दर्शन होतें, शिल्प दिसत नाहीं. शांतपणें एक प्रदक्षिणा घालावी, उत्तरेचें द्वार पाहावें, आणि परततांना मुलांस पुलावरून नदीही दाखवावी.