अर्ध्या सेकंदाची शिल्लक

कोविडचा किंवा फ्लूचा ताप जाऊन दोन महिने झालेत, खोकला थांबलाय, एक्स-रे साफ आहे आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय. तरीही अंघोळ करून आलेला माणूस टॉवेल हातात धरून पलंगावर बसून राहतो, कारण लगेच कपडे घालण्याइतकं त्राण अंगात नसतं. काहींचा आकडा ९८ही नसतो, तो ९३-९४वर आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. घरातले म्हणतात, ‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत, आता जरा मनावर घे.’ मला या वाक्याचा मनापासून राग येतो. हवेतला ऑक्सिजन स्नायूपर्यंत पोचतो कसा, याचे आकडे एकदा पाहिले की ते वाक्य पुन्हा तोंडातून निघायचं नाही.

प्रौढ माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. २००४ साली फुप्फुसांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली काटेकोरपणे मोजून हा आकडा निघाला, त्याआधी ३० कोटींवर भागत असे. एकेका कोशाचा व्यास मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. हे सगळे उलगडून सपाट केले तर मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ७० ते १३० चौरस मीटर जागा व्यापतील. आता खरी गंमत पुढे आहे. या अफाट पृष्ठभागाला कोणत्याही एका क्षणी जे रक्त भिडलेलं असतं, ते असतं ७० ते १०० मिलिलिटर. बॅडमिंटनच्या कोर्टाचं क्षेत्रफळ ८२ चौरस मीटर. एका कटिंग चहाइतकं रक्त त्या कोर्टावर ओता आणि चारही कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरवा, थराची जाडी भरेल एक मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि लाल पेशीचा स्वतःचा व्यास सात-आठ मायक्रॉनचा. म्हणजे फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतून रक्त असं वाहतच नाही, एकेक पेशी अंग चोरून सरकत असते.

हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तर सरासरी अर्ध्या मायक्रॉनचा. एका बाजूला बाहेरच्या जगातली हवा, दुसऱ्या बाजूला तुमचं रक्त, आणि मध्ये मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. एवढ्या पातळ आडोशावर आपण दिवसाला वीसेक हजार श्वास घेतो आणि दहा हजार लिटर हवा आत-बाहेर करतो.

आता वेळेचा हिशोब. माणूस निवांत बसलेला असताना हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फुप्फुसांतून फिरवतं. म्हणजे दर सेकंदाला चाळीस हजार कोटींच्या वर लाल पेशी त्या पडद्याजवळून जातात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनच्या चार जागा. पूर्ण भरलेल्या एका पेशीत शंभर कोटींहून जास्त ऑक्सिजनचे रेणू असतात, आणि त्यातल्या रिकाम्या झालेल्या जागा भरून घ्यायला पडद्यापाशी तिला वेळ मिळतो पाऊण सेकंद.

निरोगी फुप्फुसात हे काम पाव सेकंदातच उरकतं. राहिलेला अर्धा सेकंद पेशी भरलेल्या अवस्थेतच पुढे सरकते. हा अर्धा सेकंद म्हणजे शरीरानं राखून ठेवलेली शिल्लक. आपण धावतो, ओझं घेऊन जिना चढतो, तेव्हा हृदय रक्त जोरानं ढकलतं आणि पेशीला मिळणारा वेळ घटत जातो. अगदी कसून व्यायाम करताना तो पाव सेकंदापर्यंत येतो. तरीही धडधाकट माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा तो आकडा, ढळत नाही, कारण पाव सेकंद त्याला पुरतो.

विषाणू खोलवर उतरून गेला की नेमकी ही शिल्लक खर्ची पडते. पडद्याला सूज येते, त्यात पाणी साचतं, भरून येताना तिथे तंतू जमतात. पाव सेकंदात होणाऱ्या कामाला आता अर्धा सेकंद लागतो, कधी त्याहूनही जास्त. खुर्चीत बसलेल्या माणसाला पाऊण सेकंद मिळतोच आहे, त्यामुळे आकडा ९७-९८ येतो. तोच माणूस उठून चालू लागला की पेशी अर्धवट भरून पुढे जातात.

हा पडदा पूर्ववत व्हायला वेळ का लागतो? वायुकोशाचा जवळपास ९५ टक्के पृष्ठभाग अतिशय पातळ, पसरट पेशींनी मढवलेला असतो. त्या पेशी स्वतःची दुरुस्ती करू शकत नाहीत. त्यांची जागा भरून काढायचं काम दुसऱ्या प्रकारच्या पेशींचं, ज्यांच्या वाट्याला उरलेली पाचेक टक्के जागा येते. कोश मिटू नयेत म्हणून लागणारा स्निग्ध द्रवही याच बनवतात. कोविडचा विषाणू किंवा फुप्फुसात खोल शिरलेला फ्लू हल्ला करतो तो नेमका या दुरुस्ती करणाऱ्यांवर. भिंत पडली आणि गवंडीच आजारी. शिवाय नुकसान पडद्यापुरतं थांबतंच असं नाही. २०२० साली शवविच्छेदनात कोविड आणि फ्लूनं दगावलेल्यांच्या फुप्फुसांची तुलना झाली, तेव्हा कोविडच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्यांचं प्रमाण नऊपट आढळलं.

आमच्या मजल्यावरच्या काकूंना फ्लूनंतर न्यूमोनिया झाला होता. बऱ्या होऊन घरी आल्या, पण भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवायच्या. एका संध्याकाळी त्यांच्या सुनेनं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि दोघी पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालू लागल्या, लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत आणि परत. मोबाइलवर सहा मिनिटांचा गजर. बसल्या होत्या तेव्हा आकडा ९७. तिसऱ्या मिनिटाला ९४. पाचव्या मिनिटाला काकूंनी खिडकीच्या गजाला धरलं, ओठ मिटून नाकानं श्वास ओढत राहिल्या, आणि बोटावर ९१ उमटला. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. दोन मिनिटांत परत ९६. ‘बसले की मी बरीच असते गं,’ त्या म्हणाल्या. दवाखान्यात त्यांना प्रत्येक वेळी खुर्चीत बसवूनच तपासलेलं होतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानं हीच सहा मिनिटं सपाट जागेवर चालण्याची चाचणी घरोघरी करायला सांगितली होती. चालल्यावर आकडा ९३च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक अंकांनी उतरला, तर दवाखाना गाठायचा. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी पुरे. बसल्याजागीच दम लागत असेल किंवा आकडा ९४च्या खाली असेल, तर मात्र चालून बघायच्या भानगडीत पडू नये, सरळ डॉक्टरांकडे जावं. लाट ओसरली आणि आपण ही चाचणी विसरलो, याची मला हळहळ वाटते. आजारानंतरच्या महिन्यांत तिचा उपयोग आजारपणातल्याइतकाच आहे.

९८ वरून ९२, सहाच तर अंक गेले, असं वाटतं. पण सॅच्युरेशन आणि रक्तातला ऑक्सिजनचा दाब यांचं नातं सरळ रेषेचं नाही. दाब १०० वरून ६० वर येतो, तेव्हा सॅच्युरेशन फक्त ९७ वरून ९० होतं. तिथून पुढे दाब आणखी २०नं घसरून ४० झाला की सॅच्युरेशन थेट ७५. वरच्या टप्प्यात आकडा हलत नाही आणि खालच्या टप्प्यात तो कोसळतो. ९२ दिसतात तेव्हा दाबाचा तिसरा हिस्सा आधीच गेलेला असतो.

हे सगळं आपल्याला घरबसल्या कळतं ते जपानच्या ताकुओ आओयागी यांच्यामुळे. १९७४ साली त्यांनी पल्स ऑक्सिमेट्रीचं तत्त्व मांडलं. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच हिशोबात धरायचा. साऱ्या जगाच्या बोटांवर हे यंत्र चढलं त्या एप्रिल २०२० मध्येच ते वारले. पण या यंत्रातही दोन-तीन अंक इकडेतिकडे होतात. थंड बोट, नेलपॉलिश, नीट न बसलेली क्लिप, सगळ्यानं फरक पडतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८हून कमी सॅच्युरेशन असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के निघालं. कातडीचा रंग गडद, तशी फसगत जास्त. आपल्या देशात या आकड्याकडे फार गांभीर्यानं पाहायला हवं.

एक आकडा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे दिवसाला ३६० लिटर, वजनात सुमारे अर्धा किलो. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख माणसं धरली, त्यातून लहान मुलांसाठी वजावट केली, तरी राज्य रोज चाळीस-पन्नास हजार टन ऑक्सिजन हवेतून फुकट उचलतं. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात दिवसाला बाराशे टनांच्या आसपास ऑक्सिजन तयार होत होता आणि तो पुरेना. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. अर्ध्या मायक्रॉनचा पडदा हजारो लोकांत बिघडला, तेवढ्यानं राज्याची दमछाक झाली.

आता अशांबद्दल, ज्यांचा आकडा चालल्यावरही ९८च राहतो. त्यांची परवड सगळ्यांत जास्त होते, कारण यंत्रसुद्धा त्यांच्या बाजूनं बोलत नाही.

२००७ साली डॉक्टर-गिर्यारोहकांच्या एका तुकडीनं एव्हरेस्टवर ८,४०० मीटरवर आपल्याच मांडीतल्या धमनीतून रक्त काढलं. चौघांच्या ऑक्सिजनच्या दाबाची सरासरी भरली २४.६, सॅच्युरेशन ५४ टक्क्यांच्या आसपास. मुंबईत या आकड्यावर माणसाला तातडीनं व्हेंटिलेटरवर घेतील. ते मात्र शुद्धीवर होते आणि शिखर गाठून पायी उतरत होते, कारण कित्येक आठवडे उंचीवर राहून त्यांचं शरीर सरावलेलं होतं. ५४वर माणूस पर्वत उतरतो आणि ९८वर दुसऱ्याला आंघोळ झेपत नाही. थकव्याचा सगळा हिशोब सॅच्युरेशनमध्ये मावत नाही, याला याहून मोठा पुरावा नको.

९८ एवढंच सांगतो, की बोटापर्यंत आलेलं रक्त भरलेलं आहे. ते रिकामं कुठे झालं, झालं की नाही, हे तो सांगत नाही. निवांत बसल्यावर मिनिटाला हजार मिलिलिटर ऑक्सिजन रक्तातून शरीरभर फिरतो आणि त्यातला २५०च वापरला जातो. श्रम पडले की स्नायू उरलेल्यातला बराच भाग ओढून घेतात. अमेरिकेत कोविडनंतर दम न टिकणाऱ्या दहा जणांच्या धमनीत आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत नळ्या घालून त्यांना सायकल चालवायला लावलं. फुप्फुसं आणि हृदय जवळपास ठीक होती, पण स्नायूंकडून परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन तसाच शिल्लक होता. माल दारापर्यंत पोचत होता, उतरवून घेतला जात नव्हता.

अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याहून खोलात जाऊन २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले, दमवणाऱ्या सायकलिंगच्या आधी आणि नंतरच्या दिवशी. २०२४ च्या जानेवारीत निष्कर्ष आले. रुग्णांच्या मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांची, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मुळात कमी होती, आणि श्रमानंतर ती आणखी खालावली, स्नायूतली इजाही वाढली. शरीराला दिवसभरात साधारण आपल्याच वजनाइतकं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, पुन्हा पुन्हा बनवावं लागतं, आणि बहुतेक सगळं या मायटोकाँड्रियात, ऑक्सिजन खर्चून. ते काम मंदावलं की थकवा हा मनाचा खेळ राहत नाही, तो मांडीतून काढलेल्या तुकड्यात दिसतो. म्हणूनच ‘जोर लावून चाला, सवय होईल’ हा सल्ला अशा माणसाला मारक ठरतो. दुसऱ्या दिवशी पार गळून जात असेल, तर आदल्या दिवशीचं काम त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. तेवढं कमी करायचं, मध्ये मध्ये टेकायचं.

अशी माणसं किती? चीनमधल्या वुहानच्या एका रुग्णालयातून घरी गेलेल्या १,७३३ जणांना सहा महिन्यांनी विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी थकवा किंवा स्नायूंची अशक्ती सांगितली. ते सगळे दाखल झालेले रुग्ण. घरीच बरे झालेलेही धरले तर लक्षणं असलेल्या शंभर बाधितांमागे सहाजण तीन महिन्यांनंतरही त्रास काढत होते. सहा म्हणजे थोडेच वाटतात. पण जगभरात ज्यांना आजवर हा त्रास झाला त्यांची संख्या २०२४ मध्ये ४० कोटी अंदाजली गेली. महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या साडेतीन पट.

आता पुन्हा पडद्याकडे. त्याची शिल्लक किती उरली हे मोजायची एक साधी तपासणी आहे, डीएलसीओ. हवेत कार्बन मोनॉक्साइडचा ०.३ टक्के अंश मिसळून एक खोल श्वास घ्यायचा, दहा सेकंद रोखायचा आणि सोडायचा. आत किती वायू शोषला गेला त्यावरून पडदा आणि केशवाहिन्या कळतात. एक्स-रे साफ असला तरी, चालताना आकडा उतरत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे या तपासणीचं नाव घेऊन विचारावं. वुहानमध्येच, तीव्र कोविड होऊनही व्हेंटिलेटर न लागलेल्या ८३ जणांची ही तपासणी वर्षभर होत राहिली. अपेक्षित क्षमतेच्या मानानं तिसऱ्या महिन्यात मधला आकडा होता ७७ टक्के. सहाव्या महिन्यात ७६, म्हणजे तिळभरही सुधारणा नाही. बाराव्या महिन्यात ८८. तेव्हाही तिसरा हिस्सा रुग्ण ८०च्या खालीच होते, आणि त्यांची तपासणी वर्षानंतरही चालू ठेवणं गरजेचं होतं.