गाडी थांबवा म्हणायची लाज

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. लग्नसराई सुरू झालीय. कुठल्याही गटाच्या बैठकीला जावं तर कुणा ना कुणाच्या घरी पत्रिका छापायला गेलेली असते. लग्नाच्या खर्चावर मी आज बोलणार नाही. त्यावर मागे बोलून झालंय आणि तुम्ही करायचा तेवढा खर्च करताच. आज बोलायचंय घरातल्या आजीबद्दल. नातवाचं नाहीतर नातीचं लग्न लांबच्या गावाला आहे, आजीला न्यायचं का? आणि न्यायचं तर कसं?

माण तालुक्यातल्या आमच्या एका गटात एक आजी आहेत. गटातल्या सगळ्या त्यांना आजीच म्हणतात, मीही. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं नाशिकला. पोरगा आयटीआय करून तिकडे अंबडच्या एमआयडीसीत लागला, मुलगीही तिकडचीच. पोराचे आई-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे, तेव्हा सहा-सहा महिने या आजींनीच त्याला भाकरी करून घातलीय, शाळेत धाडलंय. बैठकीत आजींनी आहेरासाठी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मी लिहून घेत होते, तेवढ्यात शेजारी बसलेली सून म्हणाली, "आत्यांना न्यायचं न्हाई ठरलंय. दहिवडीपासनं साडेतीनशे किलोमीटर हाय. झेपायचं न्हाई त्यांना. मोबाईलवर दावू की अक्षता."

आजी काहीच बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घालून बसून राहिल्या.

सून वाईट नाही, हे आधीच सांगते. तिला भीती होती आणि भीतीला कारण होतं. दोन वर्षांमागे आजी पंढरपूरकडे एका लग्नाला गेल्या होत्या. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेल्या, रात्री परत आल्या. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, लघवीला आग, आणि काहीतरीच बरळायला लागल्या. चार दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडल्या. तेव्हापासून घरात ठरून गेलं की आजीला प्रवास झेपत नाही.

मी आजींना बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशी पाणी किती प्यालात? म्हणाल्या, "पानी कशाला पिऊ? प्यालं की लागती. गाडीत समदी बाप्येमानसं. गाडी थांबवा म्हनायची लाज वाटती. सकाळी चा घेतला तेवढाच."

म्हणजे बघा. पहाटेपासून रात्रीपर्यंत एक कप चहा. त्यात उन्हाळा. आजारी पाडलं ते प्रवासानं नव्हे, न पिलेल्या पाण्यानं.

हे एकट्या आजींचं नाही. आपणही तेच करतो. तालुक्याला मोर्चाला जायचं असलं, जिल्ह्याला प्रशिक्षण असलं, तर सकाळपासून पाण्याला हात लावत नाही. मीसुद्धा केलंय. पण तिशी-चाळिशीतल्या शरीरात आणि सत्तरीतल्या शरीरात फरक आहे. तो उपकेंद्रातल्या सिस्टरांनी पुढच्या बैठकीत नीट समजावला.

वय वाढतं तशी तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण म्हातारीला तहान लागलीय असं वाटतच नाही. म्हणून तिनं मागेपर्यंत थांबायचं नाही, आपण द्यायचं. पाणी कमी पडलं आणि लघवी तुंबवून ठेवली की मूत्रमार्गात जंतू वाढायला वाव मिळतो. तरण्या बाईला जळजळ होते, तिला कळतं. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी जळजळ कळत नाही, एकदम बरळणं, भ्रमिष्टासारखं वागणं सुरू होतं. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, नजर लागली. नजर नसते, जंतुसंसर्ग असतो. तपासणी करून औषध दिलं की उतरतो. वेळ घालवला तर मात्र जिवावर बेततं.

दुसरी गोष्ट पायांची. चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायातलं रक्त वर चढायला मंदावतं. पाय सुजतात, ती साधी सूज रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं की ओसरते. पण कधी कधी रक्ताची गुठळी होते. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम लागली, तर तो पाय चोळत बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. आणि प्रवासात किंवा नंतर एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, तर सरळ १०८ नंबर लावायचा. ती रुग्णवाहिका फुकट असते. हे होऊ नये म्हणून दर दीड-दोन तासांनी खाली उतरून चार पावलं चालायचं, आणि बसल्या जागी शिलाई मशीनचा पायटा हलवल्यासारखी पावलं वर-खाली करत राहायची.

आता लघवीचं. लाजू नका, रेडिओवर मी बोलतेय, तुम्हाला फक्त ऐकायचंय. किती तरी बायकांना खोकलं, शिंकलं, गाडी खड्ड्यात आदळली की थोडी लघवी सुटते. काहींचं अंग बाहेर येतं. त्या लग्नाला जायचंच टाळतात आणि कारण सांगतात गुडघ्याचं. ह्या दोन्ही तक्रारींवर इलाज आहे. सरकारी दवाखान्यात बाईंच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर प्रवासापुरते मोठ्या माणसांचे डायपर मेडिकलमध्ये मिळतात. फक्त एकच दिवसभर ठेवायचं नाही, चार-पाच तासांनी बदलायचं, नाहीतर कातडी सोलते.

तर आजींना न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मी आणि सिस्टर घरी गेलो, मुलाशी बोललो, आणि शेवटी आजीच म्हणाल्या, "लेकरू म्या सांभाळलंय, आन् आता डबड्यात बघू व्हय?" मग कोण काय बोलणार.

पहिला निर्णय घेतला तो एका दमात न जाण्याचा. बाकीचं वऱ्हाड आदल्या रात्री निघून पहाटे नाशिकला पोचणार होतं. आजींना दोन दिवस आधी काढलं. सोबत कॉलेजातली नात. दहिवडीहून एसटीनं फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड करत हडपसरला, तिथं आजींची लेक राहते. रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरच्यांच्या जीपमधून चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक. सोबत नणंदा-भाचेसुना होत्याच. हळदीच्या आदल्या संध्याकाळी आजी पोचणार, रात्रभर झोप होणार, आणि लग्नाच्या दिवशी ताज्या असणार.

एसटीचं तिकीट हा गमतीचा भाग. वयाची ७५ पूर्ण झाली की राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. आता आजी चांगल्या ऐंशीला टेकलेल्या, त्या म्हणतात त्यांच्या लग्नानंतर मोठा दुष्काळ पडला. पण आधार कार्डावर बसतंय ७१. थोरल्या मुलाच्या आधारवर ६२. आई-लेकात नऊ वर्षांचं अंतर! कार्ड काढताना कुणी तरी अंदाजानं साल टाकलं आणि जन्मतारीख एक जानेवारी. कंडक्टर कागद बघणार, सुरकुत्या नाही बघणार. आजींनी अर्धं तिकीट काढलं. तुमच्या घरातल्या म्हातारीचं आधार आजच काढून बघा, निघायच्या दिवशी स्टँडवर नको. आणि कार्ड खरं लागतं, घडी पडून फाटलेली झेरॉक्स नको. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. लग्न बेळगावला असेल तर पुढचं पूर्ण तिकीट पडेल. पुण्याच्या पीएमपीलाही ती चालत नाही.

एसटीत चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवायचं की आजीला स्टँडवर उतरायचंय, चढेपर्यंत घंटी मारू नका. आधीच सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. मधल्या थांब्यावर घाईत सांगितलं की कुरकुरतात.

औषधांची पिशवी नातीच्या खांद्याला, सामानाच्या बोचक्यात नाही. बोचकं टपावर किंवा डिकीत जातं आणि गोळीची वेळ रस्त्यात येते. दोन दिवस जास्तीच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर. बीपीच्या काही गोळ्या लघवी जास्त करवतात. म्हणून प्रवासाच्या दिवशी बायका ती गोळीच गिळत नाहीत. तसं करू नका. डॉक्टरला विचारा, ते वेळ बदलून देऊ शकतात. ज्यांना साखर आहे त्यांनी उपाशी बसायचं नाही, लग्नात जेवणाला चार वाजतात हे धरूनच चालायचं. घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात. इन्सुलिन असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचं. आणि पाण्याचं मी सांगतेय ते सगळ्यांना सारखं नाही. हृदयाच्या, किडनीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच.

जीपमध्ये आजींना मधल्या सीटवर खिडकीशी बसवलं, कमरेमागे घडी केलेली चादर. जीपची पायरी उंच असते, म्हणून घरातला पाट बरोबर घेतला, चढ-उतरताना खाली ठेवायला. पट्टा मागच्या सीटवरही लावायचा, कायदाच आहे तो. नऊवारीवर पट्टा कसा, म्हणून आजी हसल्या, पण लावला.

आणि एक मधे भोक असलेलं प्लॅस्टिकचं स्टूल. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना खाली बसायच्या संडासात बसता येत नाही, आणि बसलं तर उठता येत नाही. ते स्टूल वरून ठेवलं की झालं. सोबत एक जुनं लुगडं, आडोशाला. साबण, पाण्याची बाटली, सुट्टे पैसे. पंपावर डिझेल भरायला थांबलं की तिथंच विचारायचं. आपण गिऱ्हाईक असतो, उपकार मागत नसतो.

नारायणगावला गाडी थांबवली तर आजी उतरेनात. "मला न्हाई लागली." नात हुशार. ती म्हणाली, "मला लागलीय गं, एकटीला भ्या वाटतंय, तू चल." आजी लगेच उतरल्या. हे लक्षात ठेवा. म्हातारीला "जायचंय का?" विचारलं की उत्तर नाही असंच येतं. "चल, मला सोबत कर" म्हणायचं.

वऱ्हाडाच्या गाडीबद्दल दोन शब्द, कारण यात दरसाल घरं बसतात. टेम्पोत, पिकअपमध्ये माणसं भरून नेऊ नका. ती मालाची गाडी, अपघात झाला तर मागे बसलेल्यांना विम्याचा पैसा मिळवताना नाकी नऊ येतात. एसटीच्या आगारात लग्नासाठी पूर्ण गाडी ठरवता येते, त्याला प्रासंगिक करार म्हणतात, चौकशी करा. आणि लग्न लावून, जेवून, नाचून दमलेल्या ड्रायव्हरला रात्री दहाला गाडी काढायला लावू नका. पहाटेच्या दोन-तीनला डोळा लागतो तो असा. आजींच्या घरच्यांनी परतीला सकाळी निघायचं ठरवलं. एक रात्र मंगल कार्यालयात सतरंजीवर काढली, बिघडलं काही नाही.

आजींनी नातवाला स्वतः शिवलेली वाकळ नेली होती, आहेरातल्या तीन हजारांतून सुनेला जोडवी. अक्षता टाकल्या, डीजेच्या भिंतीपासून लांब बसल्या, बुंदीचा एक लाडू खाल्ला. दुसरा नातीनं पदरात बांधून घ्यायला लावला.

परवाच्या बैठकीला त्या कर्जाचा पहिला हप्ता घेऊन आल्या. सगळ्यांनी विचारलं, कसा झाला प्रवास? आजींनी लग्नाचं नाही सांगितलं, परतीच्या वाटेचं सांगितलं. संगमनेर मागं पडलं होतं, ड्रायव्हर जोरात होता, नात झोपलेली. आजींनी पुढे वाकून जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जावयबापू, गाडी थांबवा जरा." ढाब्यापाशी गाडी थांबली. आजी पाटावर पाय ठेवून खाली उतरल्या आणि मागे वळून बघतात तर गाडीतल्या सगळ्या बायका उतरत होत्या. लेक, नात, दोन्ही भाचेसुना, नणंद. पाचच्या पाच जणी.